बावीस मिनिटांची गोडी

"हलू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि नेमके तेव्हाच लतीफभाई हलले.

नुसती मान नव्हे. डावा गुडघा नाचायला लागला, बोटं खुर्चीच्या दांडीवर टकटक करू लागली, नजर पंख्यावरून दारावर आणि दारावरून माझ्यावर. त्यांच्या उजव्या नाकपुडीत, बोटाच्या पेराएवढं आत, डॉक्टरीणबाईंनी सॅकरिनचा एक कण ठेवला होता. खसखशीच्या दाण्याएवढा. मधुमेहवाले चहात टाकतात तेच ते गोड. आता शिंकायचं नाही, नाक ओढायचं नाही, शिंकरायचं नाही, बोलायचं नाही. मधूनमधून आवंढा गिळायचा आणि घशाशी गोड लागलं की हात वर करायचा. बस.

"किती वेळ लागंल?" लतीफभाईंनी विचारलं. बोलायचं नाही म्हटल्यावर दुसऱ्याच क्षणाला.

"तेच तर बघायचंय," डॉ. प्रेरणा म्हणाल्या. त्या दर गुरुवारी पुण्याहून भोरला येतात, कान-नाक-घसा बघतात. "आनंदराव काका, घड्याळ लावा. आणि ह्यांना बोलू देऊ नका."

हे काम माझ्याकडं आलं ते योग्यच झालं. मी एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. माझ्या मनगटावर बघून भोर-वेल्हे गाडी सुटायची. एकदा श्रावणात सूर्यच चार मिनिटं उशिरा उगवला, तेव्हा मी डेपोत तसा लेखी अर्ज दिला होता. साहेबांनी तो फाडला, पण सूर्य पुन्हा कधी उशिरा आला नाही.

"अकरा वाजून सात," मी म्हणालो. "लतीफ, गप बस आता."

तोंडावर मी त्याला लतीफच म्हणतो. शाळेत एका बाकावर बसलोय आम्ही. पण चारचौघांत सांगताना लतीफभाई म्हणतो, कारण त्या नाकाला तेवढा मान द्यावाच लागतो.

उत्रोलीला रखमाजींची भाताची गिरण आहे. रखमाजी गेले, आता त्यांचा मुलगा अमृत बघतो. त्या गिरणीच्या दारात लतीफभाई चाळीस वर्षं उभे आहेत. काम एकच. आलेल्या तांदळाचा वास घ्यायचा आणि हा खरा आंबेमोहोर की दुसरंच काही, ते सांगायचं. कोंडा काढून, म्हणजे सडून, पांढरा झाला की आखूड दाण्याचा तांदूळ सगळा सारखाच दिसतो. डोळ्याला फसवणारे शंभर आहेत. पण आंब्याला मोहोर आला की झाडाखालून जाताना जो वास येतो, तो दाण्यात कुणाला घालता येत नाही. लतीफभाई पोत्यात हात घालायचे, मूठभर तांदूळ काढायचे, त्यावर तोंडानं ऊन वाफ सोडायचे, "हाऽ" करून, आणि मूठ नाकाशी न्यायचे. मग एकच शब्द. "हाय." नाहीतर "न्हाई." त्यावर अपील नसे.

भाटघरच्या धरणाच्या भिंतीवर उभं राहून ते वारा कुठल्या खाचरावरून आला ते सांगायचे. माझ्या गाडीत एकदा त्यांनी समोरच्या बाकावरच्या पाव्हण्याचा बंद डबा हुंगला आणि म्हणाले, "तिसऱ्या कप्प्यात आंबेमोहोर हाय, दोन वर्साचा जुना, आन् रांधनारी रागात व्हती." पाव्हण्यानं डबा उघडला. भात आंबेमोहोराचाच निघाला. रागाचं विचारायच्या आत पाव्हणा पुढच्या थांब्याला उतरून गेला. त्याचं तिकीट अजून चार थांबे पुढचं होतं.

यातलं निम्मं मी वाढवून सांगतोय. कुठलं निम्मं, ते आता मलाही आठवत नाही.

पण मुठीची गोष्ट मात्र खरी. गिरणीतली रीत अशी की वास सांगितला की ती मूठ सांगणाऱ्याची. "वासाची मूठ" म्हणतात तिला. ती सदऱ्याच्या खिशात जायची. आठवडाभराच्या मुठी एकत्र करून त्यांच्या घरी खुर्शिदाभाभी शुक्रवारी भात लावायच्या. त्या एका पातेल्यात भोर-वेल्ह्याची दहा-बारा गावं शिजायची. मी दर शुक्रवारी काही ना काही कारण काढून त्यांच्याकडं जायचो. कारणं संपली तेव्हा विनाकारण जायला लागलो.

मार्चअखेरीला लतीफभाईंना सर्दी झाली. सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. गिरणीत येऊन ते पूर्वीसारखीच मूठ काढायचे, "हाऽ" करायचे, नाकाशी न्यायचे आणि डोळ्यांनी, बोटांनी, माणसाच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधून "हाय" म्हणायचे. चाळीस वर्षांचा अंदाज, चुकत नसावा. पण मूठ खिशात जाईना. बोटं हळूच सैल व्हायची आणि तांदूळ पोत्यात परत. भाभींनी हे तिसऱ्या शुक्रवारी ओळखलं.

"आनंदभाऊ, गिरन बंद हाय का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. का?"

"मग ह्यांचा खिसा बंद पडला म्हनायचा," त्या म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याच्या नाकाशी कांदा, फिनेल आणि सुके बोंबील धरून त्यांनी तपास पुरा केला. बोंबलांपाशी लतीफभाई म्हणाले, "गुलाब हाय का?"

तरी डॉक्टरकडं यायला त्यांनी ऑगस्ट उजाडू दिला. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून आत बघितलं. आतून सूज, वर द्राक्षासारखे दोन मऊ गोळे, कोंड्याच्या धुळीची कमाई. सूज उतरायला नाकात मारायचा फवारा दिला. सकाळ-संध्याकाळ, न चुकता, सहा आठवडे. लतीफभाईंनी एक दिवस चुकवला नाही. सहा आठवडे झाले आणि वासाचा पत्ता नाही. म्हणून आता ही सॅकरिनची परीक्षा.

आणि इकडं अमृतनं वेगळंच करून ठेवलं होतं. दिवाळीनंतर नवा भात येणार, पुण्याचं कुणी मोठं गिऱ्हाईक घेणार, म्हणून त्यानं दोनशे पिशव्या छापून आणल्या होत्या. पिशवीवर लतीफभाईंचा फोटो, मूठ नाकाशी, खाली मोठ्या अक्षरात: "लतीफभाईंनी वास घेऊन पारखलेला अस्सल आंबेमोहोर." गिरणीत त्या पिशव्यांचा गठ्ठा दिसला की लतीफभाई बाजूच्या दारानं जायचे.

"किती झाली?" दवाखान्याच्या खुर्चीतून लतीफभाईंनी डोळ्यांनी विचारलं.

"नऊ."

गुडघा थांबला आणि दुसरा सुरू झाला. त्यांनी भिंतीवरचं कानाचं चित्र बघितलं. मग घशाचं बघितलं. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं, त्याच्याकडं मान वळवणार तेवढ्यात मी डोळे वटारले. तेरा. सोळा. कपाळावर घाम आला. हा माणूस वीस मिनिटं एका जागी बसलेला मी शाळेतही बघितला नव्हता. गुरुजी त्याला बाकावर उभं करायचे तर तो बाकावरून चालायला लागायचा.

एकोणिसाव्या मिनिटाला मला वाटलं, हा कण आत कुठंतरी वाट चुकला. विसाव्याला वाटलं, आता हा शिंकणार.

बावीस मिनिटं झाली आणि लतीफभाईंचा हात वर गेला. हळूच, वर्गात उत्तर येत असल्यासारखा.

"गोड," ते म्हणाले. "घशात. मागून आलं."

"बावीस," मी म्हणालो. "डॉक्टरीणबाई, पास का नापास?"

"पास," त्या हसल्या. "थोडं संथ आहे, पण चालू आहे. काका, तुम्ही नाक ओढलं नाही, शिंकरलं नाही. मग तो कण नाकातून घशात गेला कसा?"

लतीफभाईंनी नाकाच्या शेंड्याला बोट लावून बघितलं.

"नाकाच्या आतल्या कातडीवर बारीक बारीक केस असतात. हे दिसतात ते नव्हेत, त्याहून कितीतरी बारीक. ते सगळे एका लयीत हलत असतात. त्यांच्यावर चिकट पाण्याचा पातळ थर. धूळ त्यात अडकते, आणि केस तो थर ढकलत ढकलत मागं घशाकडं नेतात. आपण तो गिळून टाकतो. दिवसरात्र हे चालू असतं, आपल्याला कळतही नाही."

"पट्टा," लतीफभाई म्हणाले.

"काय?"

"गिरनीत असतो तसा. दाना टाकला की तिकडं. थांबत न्हाई कुटं."

"अगदी पट्टाच," डॉक्टरीणबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "आणि पट्ट्याला काय कळतं, ही धूळ आहे की औषध आहे? जे वर पडेल ते पंधरा, वीस, पंचवीस मिनिटांत मागं नेऊन टाकणार. म्हणजे मी दिलेल्या औषधाला आत मुरायला तेवढाच वेळ. तेवढ्यात मुरलं तर मुरलं, नाहीतर पोटात. आता मला सांगा, फवारा नेमका कधी मारता?"

"अजान झाली की," लतीफभाई लगेच म्हणाले. हा प्रश्न त्यांना येत होता. "इसरू ने म्हनून आमच्या घरच्यांनीच ठरवलं. घड्याळ बंद पडतं, अजान न्हाई. सकाळची अजान झाली की एकदा, संध्याकाळची झाली की एकदा."

"आणि मग?"

"मग वजू."

नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात, त्यात नाकातही तीनदा पाणी घेतात. लतीफभाई ते नेमानं करतात, आणि नाक हेच त्यांचं हत्यार असल्यामुळं जरा जास्तच मनापासून करतात.

"लगेच?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लगेच. तीनदा. चांगलं वरपत्तुर पानी, मग शिंकरून साफ. औषध नाकात घेऊन कसं हुबं ऱ्हायचं नमाजाला?"

सहा आठवडे, दिवसातून दोनदा, ते महागडं औषध लतीफभाईंच्या नाकात जेमतेम दोन मिनिटं पाव्हणचार घेऊन न्हाणीच्या मोरीत जात होतं. त्या मोरीतल्या मुंग्यांना, मी सांगतो, वेल्ह्यापर्यंतचा गूळ हुंगता येत असणार.

"म्हंजे वजूनं घोटाळा केला?" लतीफभाईंचा आवाज खाली गेला.

"छे! उलट," डॉक्टरीणबाई घाईनं म्हणाल्या. "नाक असं पाण्यानं धुवा म्हणून मी बाकीच्यांना सांगून थकते. धूळ जाते, चिकट थर निघतो, औषधाला कातडी मोकळी मिळते. तुमचं धुणं चांगलंच आहे काका. फक्त आधी धुणं, मग औषध. तुमचं उलटं झालं. पहाटेची नमाज पुरी झाली की फवारा. आणि दिवसाची शेवटची झाली की फवारा. पुढं नाकाला पाणी नको, शिंकरणं नको. आता मारून दाखवा बघू कसा मारता."

इथं मी भिंतीवरच्या कानाकडं बघायला लागलो.

लतीफभाईंनी बाटली घेतली, मान मागं टाकली, छताकडं तोंड केलं, फवारा मारला आणि असा जोरात श्वास ओढला की बाहेरचं रडणारं पोर गप्प झालं.

"अहो!" डॉक्टरीणबाई उठल्याच. "हे तर सरळ घशात गेलं! पट्ट्याचीसुद्धा गरज नाही! हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

शिकवणारा मी होतो. चाळीस वर्षं तपकीर ओढतोय, मला नाकातलं कळतं असं मीच सांगितलं होतं. "मान मागं टाक आणि ओढ, मेंदूपर्यंत जायला पाहिजे," असे माझे शब्द. खिशातली तपकिरीची डबी मांडीला चटका देत होती.

लतीफभाईंनी माझ्याकडं बघितलं. मग डॉक्टरीणबाईंकडं.

"असंच," ते म्हणाले. "अंदाजानं."

डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. हनुवटी खाली. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्यानं उजव्या, टोक मधल्या पडद्याकडं नाही, कानाच्या बाजूला. श्वास फुलाचा वास घेतल्यासारखा, सावकाश.

"फुलाचा वास येत असता तर हितं कशाला आलो असतो," लतीफभाई म्हणाले.

"सात-आठ आठवडे असं करा. सूज उतरली तर ठीक, नाहीतर पुण्याला ऑपरेशन. वास पूर्ण परत येईल, असं मी आज सांगणार नाही. खोटं बोलणं होईल."

"सात-आठ आटवडे," लतीफभाईंनी बोटावर मोजलं. "म्हंजे नवा भात यायला."

परत येताना नीरेच्या पुलावर मी डबी काढली आणि पाण्यात टाकली. खालचे मासे सारोळ्यापर्यंत शिंकत गेले. लतीफभाई हसले नाहीत. म्हणाले, "मला सांगायचं तरी व्हतंस, की तुला काय कळत न्हाई."

"तुला काय सांगायचं? पन्नास वर्षं तू माझं कुठलं ऐकलंस?"

"हे एक ऐकलं," ते म्हणाले आणि चालायला लागले.

पुढचे आठवडे त्यांच्याबरोबर राहणं म्हणजे सुटलेल्या बैलामागं धावणं. माणूस बसेना. सकाळची नमाज, मग फवारा, मग अर्धा तास नाक सांभाळत दारात येरझाऱ्या, आणि अर्धा तास झाला की बाहेर. कापराची वडी हुंगून बघ. शेजारच्या मेहनाजच्या चुलीवरची मेथी हुंगून बघ. पेट्रोल पंपावर उभा राहा. एकदा ते माझ्याबरोबर एस.टी. स्टँडवर आले आणि मुतारीच्या दाराशी आशेनं उभे राहिले. लोक नाक दाबून आत जात होते, हे बाहेर नाक पसरून.

"काय?" मी विचारलं.

"लोकं नशीबवान हायत," ते म्हणाले.

भाभी सांगायच्या, हे पातेल्याचं झाकण दहा वेळा काढतात, भात कच्चा राहतो. अमृतचा रोज फोन. "चाचा, या की गिरणीत." चाचांना रोज काहीतरी दुखायचं. गुडघा, पाठ, दाढ. नाकाचं नाव कधी घेतलं नाही.

"सांगून टाक त्याला," मी म्हणालो.

"काय सांगू? पिशवीवर फोटो हाय माजा. फोटोला वास येत न्हाई म्हनून सांगू?"

दिवाळी झाली, भाऊबीज झाली, आणि दहाएक दिवसांनी पासलीहून फुलाबाईंचा टेम्पो उत्रोलीला आला.

फुलाबाई साठीच्या पुढच्या. पासली म्हणजे वेल्ह्याच्याही पलीकडं, डोंगरात. तिकडं जवळ गिरण्या नाहीत असं नाही, पण त्या दरवर्षी एवढ्या लांब यायच्या त्या लतीफभाईंच्या एका शब्दासाठी. त्यांच्या घरात सासूपासून एकच बी चालत आलंय. खाचरं चार, भात थोडा, पण आंबेमोहोर असा की टेम्पोच्या मागं मधमाश्या यायच्या. हे मात्र मी दोनच माश्यांवरून सांगतोय.

या वेळी गिरणी सजलेली. पिशव्यांचा गठ्ठा दारात मांडलेला, पुण्याचं गिऱ्हाईक दुपारपर्यंत पोचणार. फुलाबाईंचं पहिलं पोतं सडून झालं, अमृतनं मशीन थांबवलं. एकदम शांत झालं. लतीफभाई आले होते. त्या दिवशी कुठलंच दुखणं त्यांना सापडलं नसावं.

त्यांनी पोत्यात हात घातला. मूठ काढली. "हाऽ" केलं. नाकाशी नेली.

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. पन्नास वर्षांची ओळख. चेहऱ्यावर काही आलं नाही.

त्यांनी पुन्हा वाफ सोडली. पुन्हा हुंगलं. फुलाबाई पदर सावरून उभ्या.

"चाचा?" अमृत म्हणाला.

"थांब."

तिसऱ्यांदा. मग मूठ खाली आली.

"येत न्हाई," लतीफभाई म्हणाले.

"म्हंजे?" फुलाबाईंचा आवाज चढला. "माज्या तांदळाला वास येत न्हाई? सासूचं बी हाय भाई! माज्या खाचरात दुसऱ्या दान्याला पाय ठिवू दिला न्हाई म्या!"

"तांदळाचं न्हाई म्हनत, भैन. माज्या नाकाचं म्हनतोय. मार्चपासनं मला वासच न्हाई."

अमृतनं आधी पिशव्यांकडं बघितलं, मग दाराकडं, मग त्यानं चाचांना कोपऱ्यात ओढलं. पण गिरणीच्या कोपऱ्यातलं बोलणं मशीन थांबलं की सगळ्यांना ऐकू येतं.

"चाचा, फुलाबाईंचा माल हाय. वर्सानुवर्सं तोच. हाय म्हना की. त्याला नाक कशाला लागतंय?"

"मग पिशवीवर माजं नाक कशाला छापलंस?"

"गिऱ्हाईक वाटंत हाय!"

"त्येला खरं सांगायचं."

फुलाबाई पोत्याच्या कडेवर बसल्या. त्यांना हळूहळू उमगत होतं. "म्हंजे उन्हाळ्यात म्या जुना भात आनला व्हता, तवा तुमी हाय म्हनलात..."

"डोळ्यानं म्हनलो. हातानं. मूठ न्हेली न्हवती म्या."

"व्हय! परत टाकली व्हती पोत्यात!" त्या एकदम म्हणाल्या. "म्या घरी जाऊन सांगितलं, भाई आमच्यावर रुसलं. सहा म्हयनं मला चैन न्हाई, काय चुकलं म्हनून!"

लतीफभाईंच्या हातात ती मूठ तशीच होती.

"आता कोन सांगनार?" फुलाबाईंनी विचारलं. त्यांच्या मांडीवर त्यांचे दोन्ही हात उपडे पडले होते. "एवढा डोंगर उतरून आले म्या."

"शिजवू," लतीफभाई म्हणाले. "हितंच. चार लोकांसमोर."

गिरणीच्या ऑफिसात चहाचा गॅस होता. पातेलं धुतलं, तांदूळ वैरले. फुलाबाई पातेल्याशी बसल्या. अमृत दारात मोबाईलवर गिऱ्हाइकाला काहीतरी समजावत होता आणि स्वतःलाच समजत नव्हतं. मी फुलाबाईंना फवाऱ्याची गोष्ट सांगायला बसलो. तपकिरीचं, मान मागं टाकायचं, सगळं सांगितलं. तिथं कुणी विचारलं नव्हतं तरी. त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले.

"तुमीच शिकवलं?"

"मीच."

"आन् तुमाला तिकीट फाडायला ठिवलं व्हतं सरकारनं!"

लतीफभाई बाहेर कोंड्याच्या ढिगाभोवती फिरत होते. एक फेरी, दोन फेऱ्या, हात पाठीमागं, मूठ अजून बंद. चौथ्या का पाचव्या फेरीला ते मध्येच थांबले. पाय उचललेला तसाच. मग ताडताड ऑफिसात आले.

"खाली लागतोय," ते म्हणाले.

"कोन?" फुलाबाई.

"भात. करपतोय."

"न्हाई वो, आत्ता तर ठिवला. मला न्हाई आला वास."

"काढा झाकन."

झाकण निघालं. वाफ उठली आणि ऑफिसात, फायलींवर, अमृतच्या मोबाईलवर, सगळीकडं आंब्याचा मोहोर पसरला. अमृत बोलता बोलता थांबला. फुलाबाईंनी पळी खाली घातली, वर काढली. पळीच्या टोकाला चार-पाच दाणे नुकतेच तांबूस झालेले. फक्त चार-पाच.

"अगं बया," त्या म्हणाल्या.

लतीफभाई वाफेत नाक घालून उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्याकडं. हनुवटी खाली, श्वास सावकाश, शिकवला होता तसा.

"मोहोर?" मी हळूच विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही. "करपल्याचं तेवढं," ते म्हणाले. डोळे पुसले. "वाफ लई हाय."

वाफ होतीच. मी मान्य केलं.

मग ते फुलाबाईंकडं वळले. बंद मूठ त्यांच्यापुढं धरली आणि त्यांच्या ओंजळीत सोडली. "हाऽ करा," म्हणाले. "मग घ्या वास. आन् सांगा."

"म्या? माजाच माल, म्याच सांगू? कोन ऐकंल?"

"चाळीस वर्सं माजं ऐकलं. मला तरी कुनी नेमलं व्हतं?"

फुलाबाईंनी मूठ केली. ऊन वाफ सोडली. नाकाशी नेली आणि डोळे मिटले. माझ्या मनात आलं, आता या रडणार. पण त्यांनी डोळे उघडले आणि गिरणीच्या दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हाय."

"अमृत," लतीफभाई म्हणाले, "पिशवीवरचं माजं खोड. 'फुलाबाई, पासली' लिव."

"चाचा, दोनशे पिशव्या हायत!"

"मग रंग जास्ती आन."

पहिली पिशवी त्यांनी स्वतः खोडली, मार्करनं, स्वतःच्या फोटोसकट. नाक खोडताना जरा वेळ लागला.

रीतीप्रमाणे मूठ आता फुलाबाईंची. पण त्यांनी ती लतीफभाईंपुढं धरली. "घ्या भाई. सहा म्हयन्याची ऱ्हायली व्हती."

त्यांनी मान हलवली. नको म्हणून. त्या मुठीत नुसता तांदूळ होता. त्यांना जो करपल्याचा वास आला तो तिथं नव्हता. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक. पळीच्या टोकावरचे ते तांबूस दाणे, गार झालेले, त्यांनी चिमटीनं उचलले, रुमालात बांधले आणि सदऱ्याच्या खिशात घालून वरून गुंडी लावली.

"हे माजं," म्हणाले.

पुण्याच्या गिऱ्हाइकानं पिशव्या घेतल्या की नाही, ते मी दोन तऱ्हांनी सांगतो, ऐकणारा कोण आहे ते बघून. पण शुक्रवारी मी लतीफभाईंकडं गेलो होतो, विनाकारण. भाभींनी घरच्याच साध्या तांदळाचा भात लावला होता. त्यात ते चार-पाच करपलेले दाणे टाकले होते. कुठले ते आता कळणार नव्हतं. पातेल्यावर झाकण होतं. लतीफभाई शेजारी उभे होते, हनुवटी खाली, दोन्ही हात बाजूला.

"काढू का झाकन?" भाभींनी विचारलं.

त्यांनी हातानंच नको म्हटलं.

मी घड्याळ बघितलं. सवय. गुडघा नाचत नव्हता, बोटं वाजत नव्हती. बाहेर रिक्षा गेली, मेहनाजनं हाक मारली, मांजर पायांतून गेलं. झाकणाच्या कडेनं वाफ येत होती, आणि लतीफभाई हलले नाहीत.